भजनाच्या फोल्डरात ठेवलेला डबा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. सख्ख्या भावाजवळ नाही, लेकीजवळ नाही, मठात महाराजांसमोर बसलो तेव्हाही नाही. आणि जिच्यापाशी बोलायला पाहिजे होतं ती गेल्या श्रावणात गेली. म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. जळकोटला स्टँडसमोर माझी रसवंती होती. लिहायची सवय नाही. तोंडाचा फटकळ आहे, तसंच लिहिणार. गोड करून सांगायला मला येत नाही — आणि ह्या गोष्टीत गोड आहे तरी काय? आहे. गोड आहे ती माझी बायको. तिचं आधी सांगतो. माझं काय, येतंच आहे मागून.

तिचं नाव महानंदा. उदगीरहून बारावी सायन्स केलेली. लग्नाला मी बघायला गेलो तर म्हणाली, तुम्ही किती शिकले? मी म्हणालो, जेवढं लागतं तेवढं. ती हसली. पुढं कितीतरी वर्षं हे वाक्य तिनं मला ऐकवलं — मीठ कमी पडलं की, एसटी चुकली की, "जेवढं लागतं तेवढंच शिकलेत ना!"

लेक शाळेत जायला लागली तशी ही लातूरला कंप्युटर शिकायला जायला लागली. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं, येऊन भाकरी टाकायच्या. मग आमच्या समोरच्या खोलीत दोन कंप्युटर मांडून तिनं स्वतःचा क्लास काढला. मी स्टँडवर म्हणालो होतो, चार महिन्यांत बंद पडतो बघा. बंद पडली ती माझी रसवंती.

पोरं तिच्याकडं सी म्हणून एक भाषा शिकायची. मला त्यातलं काय कळणार? पण ती अशी शिकवायची की भिंतीआड बसलेल्यालाही कळावं. म्हणायची, प्रोग्राम म्हणजे भाजीची कृती. कृतीत मसाला टाका असं लिहिलेलं असतं, पण मसाला काही त्या कागदात नसतो. तो असतो मिसळणाच्या डब्यात. हेडर फाइल म्हणजे तो डबा. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत सांगायचं — डबा घेऊन ये. आता डबा फळीवर नसला तर? कंप्युटर ओरडतो. आणि एकदाच ओरडत नाही. डबा नाही म्हणून हळद नाही, तिखट नाही, मीठ नाही — चुकांची रांगच लावतो. पोरं घाबरून खालच्या चुकीपासून सुरुवात करायची. ती म्हणायची, "पहिली वाच रे बाबा, पहिली! बाकीच्या तिच्या वऱ्हाडात आल्यात. ती मिटली की ह्या आपल्या पायानं जात्यात."

मग दोनच गोष्टी बघायच्या. डबा जागेवर आहे का? आणि आपण कंप्युटरला सांगितलेला पत्ता बरोबर आहे का? डबा हललेला असला तर उपायही दोनच. डबा उचलून पुन्हा फळीवर ठेवायचा, नाहीतर जिथं गेलाय तिथला नवा पत्ता कंप्युटरला सांगायचा. "दोन्हीनं भाजी होती," म्हणायची.

बघा, मला अजून पाठ आहे. चौथीतलं काही पाठ नाही, हे पाठ आहे.

मलाही तिनं थोडं शिकवलं. मला भजनाचा नाद. पेनड्राइव्हवर कुणी भजनं आणून दिली की ती कंप्युटरात भरून ठेवायची. एक दिवस म्हणाली, मी का भरू, तुम्ही भरा. माझ्यासाठी एक पिवळं फोल्डर केलं, भजन नावाचं. माउसचं बटण दाबून धरायचं, ओढत न्यायचं, भजनच्या फोल्डरावर सोडून द्यायचं. झालं. एवढी एकच विद्या मला आली. ती मी कुठं वापरली, ते आता सांगतो.

त्या वर्षी पाऊस नव्हता. म्हणजे आदल्या वर्षीही नव्हता, पण त्या वर्षी ऊसच कुणी लावला नाही. रसवंतीचा चरक मी पोत्यानं झाकून ठेवला. त्याचे घुंगरू तेवढे घरी आणले — कुणी काढून नेतील म्हणून. दिवसभर घरी बसायचो. गावात दुसरंच वारं. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, उद्या होणार, हापिसं येणार, कंप्युटर येणाऱ्याला पटकन नोकरी लागणार. हॉटेलात दुसरा विषय नाही. हिच्या क्लासला पोरं दारापर्यंत बसायला लागली. आणि मी स्टँडवर गेलो की पानटपरीवाला म्हणायचा, "काय म्याडमचे मालक, रस बंद झाला, आता पोरं पिळून राहिले का?" सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी आलो की मात्र ताट आपटायचो. कशासाठी? तिनं काय केलं होतं माझं?

अशात नांदेडच्या एका कॉलेजच्या सरांच्या कानावर तिचं नाव गेलं. त्यांना प्रॅक्टिकल घेणारी बाई पाहिजे होती. ते म्हणाले, मी येतो, तुम्हाला शिकवताना बघतो, जमलं तर सोमवारपासून या. नांदेडला खोली करून राहायचं, शनिवारी घरी यायचं. लेक तेव्हा लग्न होऊन निलंग्याला गेलेली. महानंदानं मला विचारलं. मी म्हणालो, बघ तुझं तू. तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला. मी ते नाही ह्या अर्थानं म्हणालो होतो — पण सरळ नाही म्हणायची छाती नव्हती. मग जे नाही म्हणता आलं नाही ते मी हातानं केलं.

सर यायचे त्या दिवशी दुपारी टँकर आला. घागरी घेऊन ती रांगेत गेली. आमच्यात बापे पाण्याला जात नसत — म्हणजे मी जात नव्हतो, बाकीचे जात होते. कंप्युटर ती चालूच ठेवून गेली होती, फोल्डरं पडद्यावर उघडीच. दुसरा बिघडून लातूरला दुरुस्तीला गेलेला. हा एकच. मी समोर बसलो. तो डबा कुठं असतो ते पोरांना दाखवताना मी शंभर वेळा बघितलं होतं — इन्क्लुड नावाचं फोल्डर. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण त्या नावाची सुरुवात उभ्या काठीनं होते, तेवढं ठाऊक होतं. बटण दाबून धरलं. ओढलं. भजनच्या फोल्डरावर नेऊन सोडलं. दुसरीकडं कुठं सोडायचं मला येतच नव्हतं. उठलो, तोंडावर पाणी मारलं — तिनंच आणलेलं — आणि ओट्यावर जाऊन बसलो.

सर आले. चांगला माणूस होता, चपला बाहेर काढून आत आला. पोरं दाटीवाटीनं बसली. तिचा पहिला धडा ठरलेला. बाकी ठिकाणी काय शिकवतात मला माहीत नाही, हिच्याकडं पहिला प्रोग्राम पडद्यावर एकच शब्द आणायचा — शरणार्थ. आम्ही एकमेकांना भेटल्यावर म्हणतो तो. ती तो इंग्रजी अक्षरांत लिहायची. तिनं सांगत सांगत लिहिला, बटण दाबलं, आणि निळ्या पडद्यावर चुकांची रांग.

मी दारात उभा होतो. तिची मान मला दिसत होती. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. मागं दोन पोरी कुजबुजल्या. आणि तेव्हा मी — हे मी दारातून, मोठ्यानं, त्या परक्या माणसापुढं म्हणालो — "सर, चुलीपुढून उठून बसलेल्या बाया ह्या. अशीच गंमत व्हायची. च्या घ्या आन् निघा तुमी."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील.

तिनं वळूनही बघितलं नाही. फक्त म्हणाली, "च्या तुमीच सांगून या, दूध न्हाई घरात." मला बरंच झालं. मी स्टँडवर गेलो, मुद्दाम वेळ काढला. परत आलो तो खोलीत हसणं चाललेलं. पडद्यावर शरणार्थ लिहिलेलं, आणि सर पोरांना सांगत होते, "चूक आल्यावर घाबरायचं नाही, ती कशी शोधायची, हे आज बाईंनी दाखवलं. मी एवढं नीट कॉलेजातही बघितलं नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या म्याडमला सोमवारी पाठवा हं." माझ्या हातात चहाची किटली. मी कप मांडायला बसलो.

संध्याकाळी तिनं ताट वाढलं आणि विचारलं, "अवो, कंप्युटरला हात लावला होता का तुमी?"

साधं विचारलं. आवाज चढवून नाही. मी काय केलं असेल? आमच्यात लेकरू जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात, ते मेल्यावर मातीतही सोबत जातं. अंघोळ झाली की तळहातावर घेऊन त्याची पूजा, मग अन्न. त्या लिंगावर मी हात ठेवला आणि म्हणालो, "ह्याची आण, न्हाई."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. हाताकडं बघितलं. "बरं," म्हणाली. आणि भाकरी वाढली. त्यानंतर आयुष्यात कधी तिनं मला कशाचीही आण घे म्हटलं नाही. मी समजलो, विश्वास बसला. तिच्याकडं त्या सी भाषेची सीडी असायची, त्यावरून नवा डबा घातला असेल, असं मी मनाशी धरून चाललो. कंप्युटरला मात्र पुन्हा हात लावला नाही. भजनं मोबाईलवर ऐकायला लागलो.

ती नांदेडला गेली. सोमवारी पहाटेची कंधारवरून जाणारी गाडी, शनिवारी परत. शनिवार-रविवार घरी त्याच कंप्युटरवर क्लास. कॉलेजातले मोठे शिकलेले लोक तिला अडलं की विचारायचे. कंधारच्या स्टँडवर एकदा कंडक्टरनं मला जागा करून दिली, "म्याडमचे मालक ना? माझी पोरगी तुमच्या म्याडममुळं नोकरीला लागली." तेच शब्द, पानटपरीवाल्याचे. पण त्या दिवशी मी जागेवर असा बसलो — ताठ, मिशीवर हात फिरवत — जसं ते सगळं मीच केलं होतं. लेकीला फोन करून सांगितलं. पाहुण्यारावळ्यांत सांगितलं. उदगीर काही जिल्हा झाला नाही, पण हिची पोरं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, दिवाळीला आली की आमच्या घरी पाया पडायला. मी दारात बसून कुणी आलं की आत ओरडायचो, "महानंदा, तुझे लेकरं आले बघ!" पाऊस पडला, ऊस आला, रसवंती पुन्हा चालू झाली. चरकाला घुंगरू तिनं बांधले. स्टँडवर आता मला कुणी हसत नव्हतं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. लातूरला नेलं, नांदेडला नेलं. शेवटी दवाखान्यात कॉटशी बसून कितीदा तोंडाशी आलं — सांगावं. ती डोळे मिटून पडलेली. मी म्हणायचो, पाणी देऊ का? एवढंच यायचं बाहेर. आमच्यात बसवूनच माती देतात; तिला मातीत बसवलं, तिच्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं, विभूती लावली. खोटी आण घेतली तीच ही माझी बोटं. तेव्हाही आलं तोंडाशी. लोक होते. नाही बोललो.

आता सुवर्णाचं. ही तिची जुनी विद्यार्थिनी, सरांच्या त्या दिवसानंतर दोन-तीन वर्षांनी शिकायला आलेली. परवा भेटायला आली. म्हणाली, काका, म्याडमचा कंप्युटर चालू करून बघू का? धूळ पुसली, चालू झाला. तिनं तोच पहिला धडा लिहिला, बटण दाबलं. शरणार्थ आलं पडद्यावर. ती रडली. मग सहज इकडं तिकडं बघत असताना थांबली.

"काका, इथं पत्ता भलताच दिलाय. हेडरचं फोल्डर तुमच्या भजनात कसं काय?"

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे म्याडमनं फोल्डर तिथंच ठेवलंय, आणि कंप्युटरला सांगितलंय, डबा काकांच्या भजनात हाय. आमची सगळी बॅच ह्याच्यावरच शिकली की! जाग्यावर नेऊन ठेवू का? दोन मिनिटांचं काम."

मी म्हणालो, "नको. म्याडमनं ठेवलंय ना? राहू दे."

तिलाही सांगितलं नाही. चहा पाजला आणि पाठवून दिलं.

म्हणजे मी लिंगावर हात ठेवला तेव्हा तिला ठाऊक होतं. दुपारीच सापडलं होतं तिला, आणि कुठं सापडलं त्यावरून कुणाचा हात हेही कळलं होतं. त्या घरात भजनच्या फोल्डरावर काही नेऊन सोडणारा एकच माणूस होता. ठाऊक असून तिनं विचारलं, आणि मी आण घेताना माझ्या हाताकडं बघत राहिली. फोल्डर परत जागेवर ठेवलं असतं तर मिटलं असतं. नाही ठेवलं.

फोल्डर मी ओढलं. दारातून बोललो तो मी. खोटी आण घेतली ती मी, आणि तेच लिंग गळ्यात घालून रोज सकाळी पूजेला बसतो तोही मीच. आणि मी लपवलेल्या जागेवरूनच एवढ्या वर्षांची एवढी लेकरं शिकवून गेली, एक शब्द न बोलता — ती महानंदा. माझी बायको.