एकटीवर सोपवू नये

घाटावरच्या कॉलेजात मेडिसिनची पोस्टिंग संपली तेव्हा सरांनी माझ्या मूल्यमापनात शेरा मारला: 'हळू. फापटपसारा फार. वॉर्ड एकटीवर सोपवू नये.' कारण काय, तर खोकला किती दिवस हे विचारायच्या आधी मी पेशंटला मुंबईला कोण असतं ते विचारायचे. "तू हिस्ट्री घेतेस की सोयरीक जमवतेस?" असं सर सगळ्यांदेखत म्हणाले होते. आम्हा कोकणातल्यांची खोडच ती, जायची कशी.

तो शेरा माझ्या मानगुटीवरच बसला. रत्नागिरीत सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, तरी वरिष्ठ डॉक्टर आसपास असले की मगच माझा जीव थाऱ्यावर असायचा.

एका रविवारी ते लांज्याला लग्नाला गेले आणि दुपारी आतल्या गावातून एका आजोबांना आणलं. छातीत कळ, दरदरून घाम. मी लगेच ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यायला हवं होतं. वरिष्ठांचा फोन लागेना आणि सोबत आलेल्या आजी, त्यांची बायको, संमतीचा अंगठा द्यायला तयार नाहीत.

"मुंबयवरनं पोरगा येऊंदे, मग काय ता करा," एवढंच त्यांचं. सिस्टर वैतागल्या. पोरगा पोचेपर्यंत आजोबा राहतील, याची मला खात्री नव्हती.

मी वाद घातला नाही. आमच्याकडे मुंबईच्या चाकरमान्याला विचारल्याशिवाय घराचं कौलसुद्धा बदलत नाहीत. पोराचा नंबर मागून फोन लावला, धोका काय नि फायदा काय ते त्याला नीट सांगितलं आणि फोन आजींच्या कानाला लावला. तो काय बोलला देव जाणे. आजींनी डोळे पुसले आणि अंगठा पुढे केला.

इंजेक्शन दिलं. मी खाटेपासून हलले नाही. हळूहळू कळ ओसरली, ईसीजीही सुधारला. आजोबांनी क्षीण आवाजात पेज मागितली तेव्हा मी हुश्श केलं. एवढं मोकळं तर मला डिग्री हातात पडली तेव्हाही वाटलं नव्हतं.

सरांचं सगळंच चुकलं असं नाही हो. हळू तर मी आजही आहे, माझी ओपीडी संपता संपत नाही. पण त्यांनी मला त्यांच्या वॉर्डात पाहिलं होतं, माझ्या माणसांत नाही.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "आत्ता कळलं मला. निघू का?"

"नको सर, सावकाश या. मी बघते इथं."

फोन ठेवला आणि लक्षात आलं, असं मी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं.