जावयानं ढकलायची न्हाई

सुट्टीत बायकोसोबत सांगली बघायला निघालो आणि भाड्याची गाडी कोरेगावपाशी बंद पडली. एक फटफटीवाले काका थांबले. बॉनेटवर टोपी ठेवून त्यांनी आधी विचारलं, "पावनं, गाव कंचं?"

मी पुणं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

बायको म्हणाली, "माझं माहेर कोरेगावच. आता कुणी राहिलं नाही तिथं."

"म्हंजी ह्ये आमचं जावई!"

मी ढकलायला उतरलो, तर त्यांनी खांदा दाबून मला परत बसवलं. "जावयानं ढकलायची न्हाई."

मग काका आणि बायको दोघं ढकलू लागले.

"आणि मी हो, काका?" बायको धापा टाकत म्हणाली.

"तू घरची. घरच्यांनीच ढकलायचं आसतंय."

गाडी सुरू झाली. बायकोनं शेजारी बसून माझ्यावर डोळे वटारले आणि काका दिसेनासे होईपर्यंत, माहेरहून निघाल्यासारखी, ती हात हलवत राहिली.