वहिनींचा खल आणि गंगेची लोटी

द्वारकावहिनी गेल्या त्याला आता दीड महिना होत आला. ठाण्याच्या कचेरीत कल्याणहून निरोप आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "दादा जेवला का?" निरोप्या माझ्याकडे बघतच राहिला. पण थोरल्या भावाचा घास ही आमच्या वहिनींची जन्माची कमाई होती. तो चुकला असता तर त्यांनी वरूनसुद्धा मला झापलं असतं.

दादाला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तो ऐन उमेदीत होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणंही गेलं. पाण्याचा घोट दिला की ठसक्याने जीव कासावीस व्हायचा. शेवटी आमच्या आत्याबाईंनी देवघरातली काशीच्या गंगाजलाची लोटी काढली आणि तिच्या तोंडावरचा कथलाचा डाख फोडायला सांडशी मागवली. दोन थेंब तोंडात पडून सुखाने जाऊ दे, असं सगळ्यांचंच मत पडलं. मोठ्यांपुढे कधी मान वर न केलेल्या वहिनींनी लोटीवर हात ठेवला. "आत्याबाई, पातळ पाण्यानंच ह्यांना ठसका लागतोय. गंगा झाली तरी पाणीच ना ते? राहू दे बंद." आत्याबाई अशा भडकल्या म्हणता...

वैद्यबुवांनी मात्र वहिनींची बाजू घेतली. दादाला तक्क्याशी ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन त्यांनी चमच्याच्या टोकावर दाट पेज दिली. ती उतरली! आता ठाण्याच्या दवाखान्यातल्या गोळ्याही खलून पेजेतून देता येतील, म्हणून मी खल पुढे केला, तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आधी डॉक्टरांना विचारून या, कुठली खलायची नि कुठली नाही."

"गोळी ती गोळी, वहिनी! खलली काय नि गिळली काय!"

"मग तुम्हीच खा."

गेलो मुकाट्याने. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं विचारलंत. ही लेप दिलेली फोडू नका, पोटाला बाधेल. हिच्याऐवजी दुसरं देतो. बाकीच्या खुशाल खला." मग रोज एकेक गोळी वेगळी, बोटांना कण लागेनासा होईपर्यंत खललेली. खलाला चिकटलेलं औषधही चमचाभर पेजेने निपटून दादाच्याच पोटात जायचं. प्रत्येक घासाला वहिनी विचारायच्या, "उतरला?" आणि दादा पापणी मिटायचा. महिने गेले. एका सकाळी त्याने तोंड उघडलं आणि कित्येक महिन्यांतला पहिला शब्द काढला, "अळणी!" वहिनी हसतही होत्या, रडतही होत्या. गल्लीभर साखर वाटली ती आत्याबाईंनी.

पुढे दादा चालला, नातवंडं खेळवली. वहिनी अहेव गेल्या. मी पोचलो तेव्हा दादाने वाकड्या राहिलेल्या त्याच उजव्या हाताने त्यांचा मळवट भरला आणि सांडशी मागितली. "माझ्यासाठी काढलेली गंगा... हिने फोडू दिली नाही," म्हणत त्याने स्वतः डाख उचकटला आणि दोन थेंब वहिनींच्या ओठांत सोडले.

परवा त्याच्याबरोबर जेवलो. खल पाटाशेजारीच असतो, जागचा हलवू देत नाही. दादा ताठ बसला, हनुवटी खाली घेतली, घास घेतला. आता विचारायला कोणी नाही. तरी क्षणभर थांबून तो खलाकडे बघत म्हणाला, "उतरला."