पुसलेला थेंब

जोतीराम शिकलेला सातवीपर्यंत, पण सूक्ष्मदर्शकावर त्याच्याइतका तयार माणूस मी पाहिला नाही. मी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. दरवर्षी मुलांना घेऊन रहिमतपूरजवळच्या एका लहानशा खाजगी केंद्रात जायचे. तिथं रेशीमकिड्यांची अंडी तयार करून शेतकऱ्यांना विकत. अंडी घातलेल्या माद्या जोतीराम खलबत्त्यात कुटायचा, त्याचा थेंब काचेवर घ्यायचा आणि डोळा लावून बसायचा. त्या थेंबात तांदळाच्या कणीसारखा एखादा चमकता कण दिसला, की ती सगळी अंडी जाळायची. एक कण दिसला तरी जाळायची, असा तिथला नियम होता. तो कण म्हणजे पेब्रिन रोगाचा परजीवी. तो आईकडून अंड्यात उतरतो आणि पुढं सगळ्या अळ्या काळे ठिपके पडून मरतात.

१९९३ च्या पावसाळ्यानंतर जोतीरामनं ते काम एकाएकी सोडलं आणि कुंडलला धाकट्या बहिणीकडं, रंगुबाईकडं राहायला गेला. डोळे अधू झाले, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मीही ते खरं धरलं. माझ्या कामाचा माणूस गेला याचीच मला जास्त हळहळ, अशी मी स्वार्थी.

रंगुबाई विधवा. नवऱ्यामागं तिनं अर्धा एकर तुती लावली आणि घराशेजारच्या छपरात किडे पाळले. पहिली दोन पिकं इतकी छान आली, की गावातल्या बाया कोष बघायला यायच्या. त्या पावसाळ्यातलं पीक मात्र सगळं मेलं. विधवेचा हात लागला, किडे कसे जगतील, असं कुणीतरी बोललं. बोलणारे बोलून मोकळे झाले, पण रंगुबाईनं ते मनाला लावून घेतलं. तिनं तुती उपटून ऊस लावला. पुढच्या वर्षी तिची लेक राजेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हाही तान्ह्या नातीला न्हाऊ घालायला तिनं शेजारच्या तानुबाईला बोलावलं. गुडघे दुखतात, असं कारण सांगितलं. जोतीराम तेव्हा सोप्यात बसून हे सगळं बघत होता.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी कुंडलला गेले, ती एक बातमी घेऊन. जोतीरामनं ज्याला आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून शोधलं, त्या परजीवीबद्दल नवं काही कळलं होतं. मी सांगितलं, की आपल्या प्रत्येक पेशीत अन्नापासून शक्ती तयार करणारी एक बारीक चूल असते, तिला मायटोकाँड्रिया म्हणतात. या परजीवीच्या जातीत ती नाही. ती आधीपासूनच नव्हती, असं मी वर्गात इतकी वर्षं शिकवलं. आता त्या जातीत तिची जुनी खूण सापडली आहे. म्हणजे चूल होती. दुसऱ्याच्या पेशीत राहून आयतं मिळायला लागलं, तशी ती गेली. तिच्याबरोबर अंगातली कितीतरी जनुकंही गेली, म्हणून तो इतका लहान.

जोतीरामनं चहाचा कप खाली ठेवला.

"बाई, त्यानं एकदम न्हाई टाकलं. एकेक करून टाकलं आसंल," तो म्हणाला. मग विचारलं, "टाकल्यालं परत येतं का?"

मी नाही म्हटलं. शिक्षकाच्या उत्साहात, त्याच्या चेहऱ्याकडं न बघता म्हटलं.

त्यानं हाक मारून रंगुबाईला आतून बोलावलं. ती भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातांनीच दारात आली. जोतीरामनं मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. त्या पावसाळ्यात तिच्यासाठी काढलेल्या अंड्यांच्या थेंबात त्याला एक कण दिसला होता. तुतीचा पाला तयार होता, छप्पर सारवून झालं होतं, अंडी जाळली असती तर तिचं पीक हुकलं असतं. त्यानं काच पुसली. दुसरा थेंब घेतला. तो स्वच्छ निघाला, म्हणून त्यानं त्यालाच खरं मानलं आणि अंडी स्वतः एसटीनं आणून तिच्या हाती दिली. डोळे त्याचे कधीच अधू नव्हते.

"तुज्या हातात कायबी न्हवतं गं. माज्याच हातनं झालं," तो म्हणाला.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. रंगुबाई रडली नाही, चिडली नाही. पीक बुडाल्याचं तर तिनं नावच काढलं नाही. तिनं आपले पिठाचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"दादा, राजीची पोर पंधरा दिसांची व्हती तवाच सांगायचं हुतंस रं," ती म्हणाली. "मी तिला एकदाबी मांडीवर घेतलं न्हाई. आता ती चार वर्साची हाय. माज्याकडं येतच न्हाई."

ती आत गेली आणि भाकऱ्या थापायला लागली. थोड्या वेळानं तिनं आम्हा दोघांना ताटं आणून वाढली. जोतीराम जेवला नाही. मी मात्र जेवले, कारण तिनं समोर बसून मला जेवायला लावलं.