अक्काची धायटी आणि पोशाचा कोयता

शिमगा सोडला तर फाल्गुनात कोकणात कोणी जात नाही. सगळे आंब्यांसाठी वैशाखाची वाट बघतात. आम्ही निघालो धायटीच्या फुलांसाठी. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, कनकेश्वराच्या उतारावर थोडी जमीन आहे. तिथली धायटीची झुडपं यंदा राबासाठी, म्हणजे वाळवून भाताच्या रोपाच्या जागेवर जाळायला तोडणार, असा तिच्या कुळाचा, पोशाचा, निरोप आला. अक्का म्हणाली, “बापू, कविता पुरे. वळकटी बांध.”

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची आगबोट सकाळची धरावी. भाडं काही आण्यांत भागतं. इंजिनाजवळ बसू नये. अक्का बसली आणि थेट रेवसपर्यंत लिंबू हुंगत राहिली. ओहोटी असेल तर चपला हातात घेऊन चिखल तुडवायची तयारी ठेवा. पुढे मोटार मिळते, पण भरल्याशिवाय ती हलत नाही. आम्ही छकडा केला.

डोंगर मी शार्दूलविक्रीडितात चढायला घेतला. दुसऱ्याच चरणाला धाप लागली.

“यती आली वाटतं,” अक्का म्हणाली.

वर रान सुकून खडखडीत, आणि त्यात धायटी लालभडक. फांदीभर बारीक नळ्यांसारखी फुलं. शाळेतल्या कवितांत कमळं होती, चाफा होता. धायटी कुठेच नव्हती. वास नाही, मग कवी कशाला थांबतील? शिंजीर मात्र थांबतो. एक जांभळा शिंजीर उलटा लटकून फुलाफुलात चोच खुपसत होता, आणि झुडूपभर मधमाश्या. अक्काने एक फूल चोखलं, एक मला दिलं. गोडी जिभेला कळेपर्यंत संपली.

पोशा कोयता घेऊन उभाच होता. “अक्काबाय, फुलांवर भात व्हतं का?”

“फुलं गळू दे, मग तोड. पावसात पुन्हा फुटेल ती.”

“मंग पाला सुकल कवा?”

“का? चैत्रात ऊन रजेवर जातं?”

त्याची बायको चांगुणा हसली. “माज्या कुडात माशांचं पोळं हाय. त्यांना आता दुसरं खायाला न्हाय. झुडपं तोडलीस तर मध काय तुजा बापूस आणल?”

पोशाने कोयता कमरेला खोचला. “बरं. मध काढला की बाटली धाडीन. मंग फुलं सरली समजायचं, आनि अक्काबायनं सोता येऊन पयला कोयता लावायचा. पुन्ना ‘थांब’ न्हाय.”

“येईन,” अक्का म्हणाली.

गिरगावात परतल्यावर मी धायटीवर चार ओळी रचल्या. अक्का म्हणाली, “चंद्र कशाला? माशी घाल.” वृत्तात माशी काही बसेना.

काल रेवसहून बाटली आली. राबाला उशीर झाला तर पोशाचं रोप बिघडेल, हे अक्काला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिने बाटली उजेडात धरली, दोनदा तिरपी करून पाहिली.

“पातळ आहे,” म्हणाली. “अजून फुलं असणार.”

आज सकाळी तिची पिशवी खुंटीला भरलेली दिसली. वरच दोन लिंबं होती.