वैशूचा डावा डोळा

वैशू गेल्याचं तिच्या मुलीनं, अस्मितानं, फोनवर सांगितलं. सकाळी पैठण रस्ता ओलांडून चितेगावच्या कंपनीत कामाला चालली होती. अर्धा रस्ता पार झाला आणि डावीकडून टेम्पो आला. "आईला त्या बाजूचं दिसत नव्हतं ना, मावशी," अस्मिता म्हणाली. मी 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला... त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही दोघी सायकल पोलो खेळायचो. हा खेळ आता समजावून सांगावा लागतो. घोड्याऐवजी सायकल, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात लांब दांड्याची लाकडी मोगरी, आणि तिनं चेंडू मारत गोल करायचा. एके काळी याच्या देशादेशांत स्पर्धा व्हायच्या. वैशूच्या वडिलांचं औरंगपुऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी वैजापूरहून कॉलेजला आलेली, मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. वैशूनंच शिकवली. आमचे फुटलेले गुडघे बघून तिचे वडील कुरकुरायचे, लग्नं व्हायचीत म्हणायचे, आणि तेच दोघींच्या सायकली नीट करून द्यायचे. वैशू माझ्यापेक्षा लई पुढची होती. चेंडू तिच्या चाकाला बांधल्यासारखा पळायचा.

परदेशातल्या स्पर्धेसाठी आमच्यातून एकीचीच निवड व्हायची होती, आणि ती वैशूचीच होणार हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. निवडीच्या आदल्या आठवड्यात सरावात तिनं माझ्याकडून तिसऱ्यांदा चेंडू काढून घेतला. शेजारी कुणी असताना मोगरी खांद्याच्या वर न्यायची नाही, हा आमचा पहिला नियम. मी नेली. चेंडूसाठी नेली की रागानं, हे मला आजही ठरवता येत नाही... ती वैशूच्या डाव्या डोळ्यावर बसली.

दवाखान्यात आम्हाला खेळ शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत वैशूनं सांगून टाकलं, की सायकल घसरली आणि ती दगडावर पडली. सर गेल्यावर मी रडायला लागले. ती म्हणाली, "गप गं. माझं तर गेलंच. तुझं कशाला घालवायचं? तू जाय."

मी गेले. भारताचा शर्ट घालून दोन सामने खेळले, दोन्ही हरलो. परत आल्यावर तिनं खोदून खोदून विचारलं, मैदान कसं होतं, तिकडच्या पोरी सायकल कशी वळवत होत्या. त्या प्रमाणपत्रावर मला सरकारी नोकरी लागली. वैशू चितेगावला पॅकिंगला लागली, ती शेवटपर्यंत. दर चौदा एप्रिलला, जयंतीला, मला आग्रहानं जेवायला बोलवायची. त्या दिवसाचा विषय तिनं कधी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

मागच्या रविवारी तिच्या घरी जाऊन मी अस्मिताला सगळं सांगितलं.  "आई तर पडले म्हणायची," एवढंच ती बोलली आणि पाणी आणायला आत गेली. ती बाहेर येईना, म्हणून मी उठले. स्वयंपाकघराच्या चौकटीला डाव्या बाजूनं, कपाळाच्या उंचीवर, जुन्या साडीची चिंधी गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधलेली होती. इतक्या वेळा त्या घरी जेवले, ती कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज नव्हती. धडकून धडकून तिथं एक तेलकट, काळपट डाग पडला होता... माझा हात आपोआप तिकडं गेला.

अस्मिता आतून बघत होती.

"त्याला हात नका लावू," ती म्हणाली.