हडळीच्या सिनेमातून मी उठून का आले

ये गं, अशी जवळ बस. तू तिकडे उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आणि मी इकडे बदलापुरात बेलवलीला, पण वाचताना तरी जवळ बस, आणि पाय वर घे. लोंबकळत ठेवू नकोस, सूज येते. सातवा महिना लागलाय, पाणी पीत नाहीस, जेवणाच्या ताटावर मोबाईल, आणि वर भुताचे सिनेमे बघतेस! आजीने नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? तुझ्या सासूला तर ओरडताच येत नाही. सिंधी बाई ती, दिवसभर ‘बेटा, बेटा’ करत तुला साईभाजी भरवते.

परवा तू फोनवर म्हणालीस, ‘आजी, बाळंतपणाला मी बेलवलीला नाही येत, इकडेच करते.’ मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन तुझ्या आईकडे दिला. तिला वाटलं, डॉक्टर जवळ आहे म्हणून असेल. ती डिंक आणून बसली होती, तो तिने परत डब्यात घातला. पण मला कळलं. मला दिवसच माहितेय, कधीपासून तुझं मन फिरलं ते. त्या सिनेमापासून.

तू नेहमी म्हणतेस, आजीला काही आवडतच नाही. खोटं आहे. थंडगार हॉल मला आवडतो. मऊ खुर्ची आवडते, अंधारात चप्पल काढून मांडी घालून बसता येतं. आवडत नाही ते पडद्यावरचं.

तो अवकाशाचा आठवतो? मोठं यान, त्यात सहा-सात माणसं वर्षभर राहतात आणि एकानेही कधी एक भांडं घासलेलं मी बघितलं नाही. जेवण म्हणजे ट्यूब पिळायची, टूथपेस्टसारखी. मग कुठून तरी तो परका प्राणी आला. अंगभर बुळबुळीत, तोंडातून लाळ गळतेय, शेंबडासारखी लोंबतेय, आणि तुम्ही सगळे पॉपकॉर्न खाताय! मला शिसारी आली. माझ्या पलीकडचा तर हाताने बटर चाटत होता. अगं, लहानपणी स्वतःचा शेंबूड पुसताना घर डोक्यावर घ्यायचीस तू.

आणि मग त्या ग्रहावरची जांभळी नदी, वर हिरवा धूर. मागून एक पोरगा म्हणाला, ‘क्या सीन है यार!’ सीन! अंबरनाथला आमच्या खोल्यांच्या मागे नाला होता, एक दिवस लाल, एक दिवस निळा. तुझे आजोबा रंगाच्या कारखान्यातून आले की त्यांचा रुमालही त्याच रंगाचा. धुतलेले कपडे वाळत घातले तर वासाने परत धुवावे लागायचे. तो नाला बघायला कोणी तिकीट काढून आलं नाही हो.

राजवाड्यांच्या, जादूच्या सिनेमांचं तर बोलूच नको. एक तलवार फिरली की पन्नास माणसं आडवी. त्यातल्या एकाच्याही आईला दाखवत नाहीत. आणि म्हातारी दाखवली की ती एकतर आंधळी, कोड्यात बोलणारी, नाहीतर चेटकीण, नाकावर चामखीळ. माझ्या हनुवटीवर आहे चामखीळ. आजवर कोणाला बेडूक केलंय मी?

पण खरी किळस भुतांच्या सिनेमांची. भूत म्हणजे बाईच. कधी बघितलंस, सुटाबुटातल्या सायबाचं भूत? ज्याने चाळीस वर्षं सगळ्यांना छळलं तो मेला की सुटतो, आणि जी छळ सोसून मेली ती भूत होते. मोकळे केस, विस्कटलेलं कुंकू. न्हाऊन आल्यावर मीपण अशीच दिसते. तू तर एकदा किंचाळली होतीस मला बघून, आणि मग आपण दोघी किती हसलो!

आता त्या दिवसाचं. सोनोग्राफी चांगली आली म्हणून तू मला मॉलमध्ये घेऊन गेलीस.

मी पोस्टर बघूनच म्हटलं, ‘ए बये, पोटात बाळ असताना हे?’

‘आजी, चिल! बाळ पण हॉरर फॅन होणार आहे.’

‘होऊ दे हो. आधी त्याला माणूस तर होऊ दे.’

त्या सिनेमात पहिल्या दहा मिनिटांतच गावातली एक बाई बाळंत होताना मरते. तेवढा वेळ ती माणूस होती. पुढे तिला नावही नाही, सगळे ‘हडळ’ म्हणतात. पाय उलटे, लुगडं रक्ताने भरलेलं, आणि ती गावातल्या पोटुशा बायांच्या मागे लागते. का? तिचं त्या बायांनी काय घोडं मारलं होतं? ते कोणी सांगत नाही. शेवटाकडे हिरो आणि मांत्रिक घराच्या उंबऱ्यात खिळे ठोकायला लागतात, म्हणजे तिला आत येता येणार नाही. एक घाव, बाहेर तिची किंकाळी. दुसरा घाव, परत किंकाळी. आणि हॉलमध्ये शिट्ट्या! पुढची पोरं ओरडत होती, ‘ठोक! ठोक! अजून एक!’

मी उठले. लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत निघाले. एक जण म्हणाला, ‘आंटी, बैठो ना, मेन सीन चालू आहे.’ मी म्हटलं, ‘तूच बघ बाबा.’

बाहेर तू पोट धरून धावत आलीस. ‘आजी, घाबरलीस?’

‘घाबरतेय कशाला. किळस आली.’

‘रक्ताची? अगं ते सगळं रंगाचं पाणी असतं.’

मी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर तू हळूच विचारलंस, ‘आजी, ताईच्या लग्नात सगळ्या बायका बोलत होत्या. तुझी आई पण अशीच गेली ना? आपल्याच घरात?’ मी ‘हो’ म्हटलं आणि बाहेर बघत बसले. तेवढ्या एका ‘हो’वर तू काय काय रचलं असशील! बाकीचं तुला त्या सिनेमाने दाखवलं होतंच. म्हणून आज बाकीचं मी सांगते.

माझी आई बुटकी होती. आवाज मात्र असा की बांधावरून हाक मारली तर पार पलीकडच्या शेतातली म्हैस मान वर करायची. त्या खेपेला तिला चिंचेचे डोहाळे होते. आम्ही दोघी मागच्या पडवीत बसून चिंच खायचो आणि कोणाचा चिंचोका लांब उडतो ते बघायचो. तीच जिंकायची. पोट सावरत हसायची. मी नुकती शाळेत जायला लागले होते.

सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी बाळ आलं ते मेलेलं. आणि रक्त थांबेना. सुईण बाहेर येऊन म्हणाली, ‘हिला कल्याणला न्या, माझ्या हातचं नाही राहिलं.’ स्टेशनापर्यंत न्यायला बैलगाडी पाहिजे होती. ओट्यावर सगळी जाणती माणसं बसली. गाडी कोणाची, बैल कोणाचे. एकाचे बैल दमले होते. एकाच्या गाडीचं चाक बरोबर नव्हतं. ज्याचं सगळं धड होतं तो म्हणाला, ‘बाळंतिणीला गाडीत घातली तर गाडीला विटाळ होईल.’ विटाळ! लाकडाच्या गाडीला! पडद्यावरच्या कुठल्या प्राण्याच्या लाळेची मला एवढी घाण वाटली नाही, जेवढी त्या शब्दाची अजून वाटते. माझे बाबा कधी कोणापुढे आवाज चढवणारे नव्हते. ते उठले आणि मागच्या दाराची फळी उचकटायला लागले, म्हणजे तिच्यावर निजवून हातांवर नेता येईल. फळी निघेपर्यंत ती गेली होती.

आणि ऐक. ज्यांना दुपारभरात एक गाडी मिळाली नव्हती, त्यांना खिळे लगेच मिळाले.

माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, तिने उंबऱ्यात खिळे ठोकले. मी शेजारी उभी. विचारलं, ‘आत्या, मग आई आत कशी येईल?’

‘येऊ नये म्हणूनच ठोकतेय.’

मसणवाटेवर लोकांनी मोहरी टाकत तिला नेली होती. आत्या म्हणाली, बाळंतपणात गेलेली परत यायला निघते, पण वाटेवरचे दाणे मोजल्याशिवाय तिला पुढे सरता येत नाही. मोजता मोजता उजाडतं. दुसऱ्या दिवशी मी फ्रॉकचा ओचा केला आणि वाटेवरची मोहरी वेचायला बसले. आईला चार दाणे तरी कमी मोजावे लागावेत. धुळीत मोहरी दिसते तरी का? पण वेचत होते. आत्याने बघितलं आणि अशी थोबाडीत दिली की सगळी मोहरी परत धुळीत.

आता तू मला सांग, भुताची वाट मोकळी करत बसलेलं पोर तुझ्या कुठल्या सिनेमात आहे?

आईचं दिवसकार्य झालं, आत्या तिच्या घरी गेली. त्या दुपारी बाबा पकड घेऊन उंबऱ्याशी बसले आणि एकेक खिळा उपटून काढला. शेजारीण बघत उभी राहिली, म्हणाली, ‘अहो, हे काय करताय?’ बाबा म्हणाले, ‘पायाला लागतात.’ एवढंच. आयुष्यभर त्यावर दुसरा शब्द बोलले नाहीत. दुसरं लग्नही केलं नाही.

मला वाटलं, आता येईल. मी रोज शाळेतून आले की दारात बसायचे. उलट्या पायांनी येऊ दे, रक्तात भरलेली येऊ दे, मला काय! मी तिला पाणी दिलं असतं. किती दिवस बसले कोण जाणे. नाही आली गं. भूत नसतं, हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. असतं तर ती आली असती. लेक एकटी दारात बसलीये आणि चिंचोके उडवणारी माझी आई आली नसती, असं होणारच नाही.

म्हणून त्या हॉलमध्ये मला बसवेना. मेली ती. गाडी मिळाली नाही ती तिला. आणि भ्यायचं ते पण तिलाच? गाडी न देणारा तिकडे ओट्यावर पान खात बसलाय, त्याचा कोणी सिनेमा काढत नाही. त्याच्या उंबऱ्यात कोणी खिळा ठोकत नाही. एवढे पैसे घालून, एवढे आवाज करून, परत त्याच बाईला हाकलायचं आणि त्यावर शिट्ट्या मारायच्या. शी!

तुझ्या मनातलं घर ते नाहीच आता. बाबांमागे जागा माझ्याकडे आली. आजोबा रिटायर झाल्यावर आम्ही अंबरनाथची खोली सोडली आणि तुझ्या बाबांनी तिथे स्लॅबचं घर बांधलं. ती जिथे गेली, तिथे आता तुझ्या आईचा फ्रीज आहे. त्याच फरशीवर तू रांगलीस, त्या फ्रीजखाली चमचे सरकवायचीस. तेव्हा तुला कोणी धरलं नाही.

काल मी तुझ्या सासूला फोन केला. म्हटलं, ‘ताई, पोर घाबरलीये.’ ती म्हणाली, ‘आजी, मेरे को मालूम है. रात को लाइट चालू रखके सोती है. आप बात करो उससे, मेरी नहीं सुनती.’ मग म्हणाली, ‘डॉक्टर सामने है, गाडी घर में है, आप टेन्शन मत लो.’ ते ऐकून मला फोनवर रडू आलं. तिला वाटलं मी नाराज झाले, बिचारी ‘सॉरी, सॉरी’ म्हणत बसली. कसली नाराज? दारात गाडी आणि समोर डॉक्टर! माझ्या आईला यातलं एक मिळालं असतं तर मी वेगळी मोठी झाले असते.

तेव्हा बाळंत कॅम्प चारलाच हो. मी नाही म्हणणार नाही, तुझ्या आईचीही समजूत मी घालते. पण गाडी आहे म्हणून तिथे राहा. माझ्या आईला भिऊन राहू नकोस. तुझी पणजी होती ती. तिला एकदा घरातून हाकललेलं मी बघितलंय, परत बघायला लावू नकोस.

म्हणून म्हणते, आठवा लागायच्या आत एकदा येऊन जा. सासूलाही आण, तिला तुझ्या आईच्या हातचे तांदळाचे घावणे खायचेत, केव्हाची म्हणतेय. दुपारी दोघी आडव्या व्हा, संध्याकाळी जा. ड्रायव्हरला सांग खड्ड्यांतून हळू चालव. पोट किती वर आलंय ते मला हात लावून बघायचंय, फोनवर नीट दिसत नाही. या रविवारीच ये.